पिसाच्या तोलाचं काळीज

खरं सांगते, मला त्या रविवारी लायडनला जायचं नव्हतं. गुडघा दुखतोय म्हणून झालं, कपडे धुवायचेत म्हणून झालं. पण लीला कोट घालून दारात उभीच. लीलावती माझ्यासमोरच्या इमारतीत राहते. आमच्या दोन गॅलऱ्यांच्या मध्ये एक हिरवळीचा तुकडा आणि सायकलींची शेड, एवढंच अंतर. गेली तीस वर्षं माझ्या घराची दुसरी किल्ली तिच्या खुंटीला असते.

"वीणे, आज यांना जाऊन दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "म्युझियममधल्या देवळात जाऊन येऊ. एकटीला नाही जमायचं मला."

कप्पाळ माझं! निमूट बूट चढवले.

तारीख होती सत्तावीस मार्च दोन हजार बावीस. घड्याळं आदल्या रात्रीच उन्हाळ्यासाठी तासभर पुढे सरकवली होती, त्यामुळे सगळं गाव अर्धवट झोपेत. ट्रेनमधली मास्कची सक्ती चारच दिवसांपूर्वी उठली होती. डब्यातली पोरंटोरं उघड्या तोंडाने खिदळत होती. लीलाने मात्र एकावर एक दोन मास्क लावले होते आणि हात कोटाच्या खिशात घट्ट कोंबून बसली होती. ते हात मला बघवेनात. मी आमच्या कापेल गावापासून रॉटरडॅमपर्यंत आणि तिथून लायडनपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या हातांचं सांगायला हवं. लीलाची लेक स्वानंदी हार्लेमला असते. ऑक्टोबरमध्ये तिला मुलगा झाला, अद्वय. लीलाने लेकीचं बाळंतपण सगळं केलं. डिंकाचे लाडू वळले, दुपटी धुतली, मध्यरात्री उठून दूध कोमट केलं. पण बाळाला हात लावला नाही. एकदाही नाही! बारशाला स्वानंदी बाळ घेऊन तिच्यापुढे आली, तर हिने हात पाठीमागे नेले. म्हणाली, "माझ्या हातात नको देऊस गं. मी ज्याला धरून नेलं तो माणूस परत आला नाही." मग बाळ माझ्याकडे आलं. पाळणा मी हलवला, कानात 'कुर्र' मी केलं. तिथे खरं तर ज्या हातांनी लांब राहायला हवं होतं ते हात माझे होते, आणि ही गोष्ट त्या खोलीत फक्त मला माहीत होती.

निघताना स्वानंदी मला जिन्यात गाठून म्हणाली, "मावशी, डू समथिंग ना. आईला वाटतं बाबांना तिने मारलं. असं किती दिवस चालणार?"

"बघते हं," मी म्हणाले. पाच महिने बघतच होते.

लायडनच्या म्युझियममध्ये आत शिरल्या शिरल्या मोठा चौक आहे आणि त्या चौकात एक अख्खं इजिप्तचं देऊळ उभं आहे. चित्र नाही, नमुना नाही, खरंखुरं दगडी देऊळ. नाईलवर धरण बांधलं तेव्हा पाण्याखाली जाणारी देवळं वाचवायला हॉलंडने मदत केली, म्हणून इजिप्तने हे देऊन टाकलं. दगड न् दगड सुटा करून इथे आणला आणि पुन्हा रचला. लीला लग्न होऊन इथे आली तो पहिला हिवाळा. दुपारी चारला अंधार, बोलायला माणूस नाही, ही नुसती रडायची. तेव्हा तिचे यजमान, मोहनराव, तिला इथे घेऊन आले. "हे बघ, हेही तुझ्यासारखंच सासरी आलंय," म्हणाले. तेव्हापासून लीला त्याला 'सासुरवाशीण' म्हणते. आणि तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं, एकदा या सासुरवाशिणीचं माहेर बघायचं, नाईलमधून बोटीने जायचं.

ते जायला तीस वर्षं लागली. कधी स्वानंदीची परीक्षा, कधी पुण्याला सासऱ्यांचं आजारपण, कधी मोहनरावांच्या धरणाचं काम. ते पाटबंधाऱ्यांचे इंजिनियर. समुद्र अडवण्यात जन्म गेला. शेवटी दोन हजार वीसच्या मार्चमधल्या पहिल्या आठवड्याची बोट ठरली. माझा नवरा राजन जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती, तर मलाही बरोबर घेतलं. निघायच्या दोन-तीन दिवस आधी शेजारच्या ब्राबांट प्रांतात कोरोनाचा पहिला पेशंट सापडल्याची बातमी आली. मोहनराव म्हणाले, "ऑक्टोबरमध्ये जाऊ या का?" लीला उसळली. "तीस वर्षं तुमचा ऑक्टोबरच येतोय!" आणि मी शहाणी! तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलेली बाई! मी म्हणाले, "अहो, सर्दीला काय घाबरता, चला."

गेलो. आस्वानहून लक्सरपर्यंत चार रात्री, लहानशी बोट, चाळीसेक प्रवासी, बरेचसे डच. गाइडचं नाव समीह. लक्सरचाच, पन्नाशीचा, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. त्या वर्तमानपत्राने प्रत्येकाच्या खांद्याला टिचकी मारत माणसं मोजायचा. रोज सकाळी नाश्त्याला उभा राहून विचारायचा, "कोणाला ताप? खोकला? मला सांगा, डॉक्टर बोटीवर येईल." विचारताना हसायचा, पण डोळे हसायचे नाहीत. कोणाला काही निघालं तर बोट तिथेच थांबवतील, हे सगळ्यांना कळत होतं.

पहिल्या दिवशी फिलेचं देऊळ पाहिलं. तेही पाण्यातून उचलून दुसऱ्या बेटावर नेलेलं. लीलाने भिंतीवर तळवा टेकवला आणि मराठीत म्हणाली, "तुझी धाकटी आमच्याकडे बरी आहे हो. थंडी वाजते तिला, पण बरी आहे." मोहनराव बाजूला तोंड करून चष्मा पुसत राहिले. इतकी खूश लीला मी कधी पाहिली नव्हती, तिच्या लेकीच्या लग्नातसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोम ओम्बोचं देऊळ. तिथे मागच्या भिंतीवर वैद्याची हत्यारं कोरली आहेत. कात्र्या, चिमटे, सुऱ्या, तराजू. समीह ते दाखवत होता आणि मला हुडहुडी भरली. पाठीतून कळ गेली. मी मागे राहिले. मोहनरावांकडे औषधांचा बटवा असे. ओवा, सुंठ आणि पॅरासिटामॉल. इथल्या डॉक्टरच्या तालमीत तयार झालेला माणूस, दुखो-खुपो, पॅरासिटामॉल. मी म्हणाले, "मोहनराव, दोन गोळ्या द्या."

त्यांनी गोळ्या दिल्या आणि उलटा हात माझ्या कपाळाला लावला. "वीणाताई, चांगलाच ताप आहे की."

"समीहला सांगू या का?" मी विचारलं. विचारलं मी, देवाशप्पथ विचारलं.

त्यांनी पुढे पाहिलं. लीला भिंतीवरची एक कात्री बोटाने गिरवत होती आणि एका डच बाईला काहीतरी हातवारे करून सांगत होती. "दोनच दिवस राहिलेत," मोहनराव म्हणाले. "तिने तीस वर्षं वाट पाहिली हो. लक्सर बघू दे. गोळ्या मी देत जाईन. लीलाला कळू देऊ नका."

मी मान डोलावली. मलाही तेच ऐकायचं होतं. आपल्या एकटीपायी चाळीस माणसांची बोट अडणार, सगळे आपल्याकडे बघणार, ते नको होतं मला. आपल्या लोकांना नाही तरी सवयच असते. गोळी घ्यायची आणि प्रवास पुरा करायचा. लग्नाला निघालेली वऱ्हाडं तापातसुद्धा मांडवात पोचलेली आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी समीहने विचारलं. मी म्हणाले, "एसीने घसा बसलाय, बाकी काही नाही." लीलाने आपली शाल मला पांघरली. दुपारी डेकवर आम्ही तिघं एकाच डब्यातून चिवडा खाल्ला. अजून मला तो डबा दिसतो. स्टीलचा, झाकणावर तिचं नाव.

शेवटच्या दिवशी नाईलच्या पश्चिम तीरावर एका लहान देवळात गेलो. तिथे भिंतीवर मेल्यानंतरचा न्याय कोरला आहे. एका पारड्यात माणसाचं काळीज, दुसऱ्यात सत्याच्या देवीचं पीस. काळीज जड झालं तर ते खायला खाली एक मगरीच्या तोंडाचा प्राणी टपून बसलेला. समीह म्हणाला, "तोलण्याआधी त्या माणसाला बेचाळीस देवांपुढे साक्ष द्यावी लागायची. मी हे केलं नाही, मी ते केलं नाही."

मोहनरावांना असल्या गोष्टींची भारी हौस. "बेचाळीस काही जमायची नाहीत," ते म्हणाले. "एकेक तरी सांगू या. लीला, तू आधी."

"मी कुणाच्या तोंडचा घास काढला नाही," लीला म्हणाली.

मोहनरावांनी समीहला विचारलं, त्या बेचाळिसांत आणखी काय काय आहे. समीह म्हणाला, "मी वाहतं पाणी अडवलं नाही." मोहनराव पोट धरून हसले. "मेलो की! जन्मभर दुसरं केलंय काय!" मग माझ्याकडे वळले. "वीणाताई, तुमचं?"

डोकं ठणकत होतं. तोंडाला आलं ते बोलले. "मी खोटं बोलले नाही."

मोहनरावांचं हसू जरासं थांबलं. मग ते छताकडे बघू लागले. त्यांच्या खिशात माझ्या दुपारच्या दोन गोळ्या होत्या.

आठ तारखेला परतलो. बारा तारखेला मोहनरावांना खोकला सुरू झाला, अठराला ॲम्ब्युलन्स आली. लीलालाही दोन दिवस कसकसलं आणि गेलं. पाडव्याच्या दिवशी ते व्हेंटिलेटरवर होते. सत्तावीसला गेले. अंत्यसंस्काराला मोजकी माणसं, बाकीच्यांनी लॅपटॉपवर बघायचं. मी समोरच्या घरातून लॅपटॉपवर बघितलं. जूनमध्ये जुन्या मैत्रिणीकडून लॅबमध्ये रक्त तपासून घेतलं. मला होऊन गेला होता. कोणाचं कोणाला लागलं हे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, हे मी स्वतःला हजारदा सांगितलं. पण आमच्या तिघांत ताप आधी मला होता.

मग सांगितलं का नाहीस, असं कोणी विचारेल. भीती. बाकीची कारणं मी मागाहून जमवली. मला मूलबाळ नाही, राजन नाही. या देशात माझ्या घराची किल्ली असलेलं एकच माणूस आहे. ते गेलं तर मी बाथरूममध्ये पडले तरी आठवडाभर कोणाला कळायचं नाही.

आता मी त्या माणसाशेजारी म्युझियमच्या बाकावर बसले होते. समोर देऊळ, वर काचेतून येणारा उजेड. लीलाने मास्क काढून मांडीवर ठेवले. मग देवळाकडे बघतच म्हणाली, "वीणे, हात शिवशिवतात गं. अद्वय रडतो ना, तेव्हा. स्वानंदीकडून घरी आले की मी उशी घेऊन बसते मांडीवर. थोपटते. वेड लागलंय मला."

"मग घे ना त्याला, बाई!"

"नाही. मी हट्ट केला, हे गेले. ते ऑक्टोबर म्हणत होते, मी ओढून नेलं. मला ते बाळ धरायचा अधिकार नाही." हे ती अगदी शांतपणे, हिशेब सांगावा तसं बोलली. शेजारी एक लहान डच मुलगी आजीचा हात धरून देवळाच्या दारातून आत-बाहेर करत होती. आणि मला वाटलं, आता नाही बोललीस वीणा, तर तू माणूस नाहीस.

"लीला, तू नाही," मी म्हणाले. "मी."

ती वळली.

"कोम ओम्बोला मला ताप होता. चांगला सणसणीत. तुमच्या आधी, सगळ्यांच्या आधी. मी लपवला. समीहला खोटं सांगितलं. गोळ्या घेऊन हिंडले. तुझी शाल पांघरली, तुझ्या डब्यात हात घातला. जूनमध्ये रक्त तपासलं, मला होऊन गेलाय. तू काही केलं नाहीस, लीला. तू फक्त नाईल बघायला गेलीस."

तिला कळायला वेळ लागला. चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकताना दिसत होती. मग तिने विचारलं तो प्रश्न मी घरून निघताना, ट्रेनमध्ये, दोन वर्षांत कधीच विचारात घेतला नव्हता.

"गोळ्या कुठल्या?"

"पर्समधल्या."

"तुझ्या पर्समध्ये गोळ्या? तू सेफ्टी पिनसुद्धा माझ्याकडे मागतेस." तिचा आवाज अगदी खाली गेला. "यांच्याकडच्या होत्या. बटव्यातल्या. वीणे, यांना माहीत होतं?"

समोर सगळं खरं होतं. एक शब्द बोलायचा होता. 'हो. मी सांगू या म्हणाले, त्यांनी नको म्हटलं. तुझ्यासाठी.' माझा अर्धा भार तिथेच उतरला असता, आणि तो तिच्या छातीवर जाऊन बसला असता. तुझ्यासाठी, हा शब्द ऐकून तिने ते हात जन्मात खिशाबाहेर काढले नसते.

"नाही," मी म्हणाले. "डोकं दुखतंय म्हणून मागितल्या. त्यांना काही माहीत नव्हतं."

"त्यांनी विश्वास ठेवला?"

"हो."

"ठेवायचेच ते," लीला म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "भोळा सांब होता माझा. कुणीही काहीही सांगावं." ती रडली, आवाज न करता, मास्कनेच डोळे पुसत. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले तर असा झटकला की ती लहान मुलगी वळून बघायला लागली.

"हात लावू नकोस! दोन वर्षं तू माझ्या घरी चहा प्यालीस. दोन वर्षं मी तुझ्यापुढे बोलतेय, मी मारलं, मी मारलं. आणि तू बिस्किट बुडवून ऐकतेस? माझ्या नातवाचा पाळणा हलवलास! त्या पिसापुढे उभी राहून म्हणालीस, मी खोटं बोलले नाही!"

"हो," मी म्हणाले.

"जा तू इथून. मी येईन माझी मी."

मी उठले. दारापर्यंत जाऊन मागे बघितलं. ती देवळाकडे तोंड करून ताठ बसली होती, दोन्ही हातांच्या मुठी मांडीवर. मुठी होत्या, पण खिशाबाहेर होत्या.

मंगळवारी माझ्या पत्रपेटीत एक पाकीट पडलं. आत माझी किल्ली. चिठ्ठी नाही, काही नाही. मी ती टेबलावर ठेवून दुपारभर तिच्यासमोर बसून राहिले. खूप रडले. खोटं कशाला सांगू, रागही आला, लीलाचा नाही, मोहनरावांचा. तुमचं झाकायला मी बसलेय हो इथे, म्हटलं, आणि तुम्ही सुटलात.

गुरुवारी स्वानंदीचा फोन. "मावशी, आईला काय झालंय? शी इज सो अँग्री! तुझ्याबद्दल इतकं वाईट बोलली, मला रिपीटसुद्धा करवत नाही. तुमचं भांडण झालं का?"

"झालं."

"पण ऐक ना, विअर्ड म्हणजे, तिने मला सांगितलं, शनिवारी पाडव्याला बाळाला घेऊन ये. दोन वर्षांत तिने पाडवा केला नाही. आता म्हणते, येताना गाठी मिळाली तर बघ." ती थांबली. "मावशी, तू काय सांगितलंस तिला?"

"काही नाही गं," मी म्हणाले. "खरं तेच सांगितलं." आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी उन्हं होती, वारा बोचरा. मी चहा घेऊन गॅलरीत उभी राहिले. समोर लीलाच्या गॅलरीत लादी पुसायच्या दांड्याला जरीचा खण बांधला होता, वर तांब्याचा गडू उपडा. गाठी काही मिळाली नसावी, तिथे खारकांची माळ लटकत होती. स्वानंदी मोबाइलवर फोटो काढत होती. मग दार सरकलं आणि लीला बाहेर आली. मोरपंखी साडी, वर तो राखाडी कोट. हातात अद्वय.

घट्ट धरला होता. डोकं कोपराच्या खळीत, एक हात खालून, एक हात वरून, जन्मभर हेच करत आल्यासारखं. त्याला गुढी दाखवत होती, काहीतरी बोलत होती. वाऱ्याने खण फडफडला तसं ते पोर दचकलं, आणि तिने त्याला छातीशी ओढलं.

तेवढ्यात तिने मान वर केली आणि मी दिसले. हिरवळीच्या पलीकडून आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. माझा हात आपोआप अर्धा वर गेला होता, तो मी तिथेच ठेवला. ती हलली नाही. मग आत गेली. या देशात कोणी खिडकीचे पडदे ओढत नाही, सगळी घरं आरपार उघडी. तिच्याही खिडकीला पडदा तीस वर्षांत मी ओढलेला पाहिला नव्हता.

तिने तो ओढला, एका हाताने. दुसऱ्या हातावर बाळ होतं.